कातरीला पर्याय

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



समितीने मला सांगितलं होतं, "तुझ्या कामाबद्दल पंधरा मिनिटं बोल." सॉफ्टवेअरवर पंधरा मिनिटं बोलले तर मागच्या बाकावरची मंडळी दहावीत झोपायची तशीच आजही झोपतील, आणि आज त्यांना उठवायला सरांच्या हातात खडूही नाही. म्हणून मी विषय बदलून मागितला. तो दिला आपल्याच एका वर्गमित्रानं. आपल्या गटावर त्यानं लिहिलं होतं, "मेंढरं कातरायला माणूस मिळेना. मिळाला तर त्याची मजुरी लोकरीच्या पैशापेक्षा जास्त. तू रोबोटवाली ना? काढ की एखादं यंत्र!"

त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. पण प्रश्न हसण्यासारखा नाही. त्याच्या घरी थोड्या काळ्या दख्खनी मेंढ्या उरल्यात. त्या विकून सगळा कळप माडग्याळ जातीचा करावा असं घरात चाललंय. म्हणजे माझ्या उत्तरावर काहीतरी अवलंबून आहे. आणि योगायोग असा, की मी कारखान्यातल्या यंत्रहातांसाठी सॉफ्टवेअर लिहिते, आणि आमच्या क्षेत्रात "मेंढी कातरणारा रोबोट" ही जुनी, गाजलेली गोष्ट आहे. म्हणून आज कातरीला पर्याय किती, कोणी शोधले आणि त्यांचं पुढं काय झालं, ते सांगते.

आधी हे, की मेंढीला कातरावं का लागतं? रानटी मेंढ्यांचे केस वसंतात आपोआप गळतात. माणसानं हजारो वर्षं लोकर न गळणाऱ्या मेंढ्या निवडून वाढवल्या. ऑस्ट्रेलियातली मेरिनो हे त्याचं टोक. तिची लोकर वाढतच जाते. २०१५ साली कॅनबेराजवळ कळपातून हरवलेली एक मेंढी सापडली. लोकांनी तिचं नाव क्रिस ठेवलं. तिच्या अंगावरून एका वेळी ४१.१ किलो लोकर निघाली. तिला धड चालताही येत नव्हतं. म्हणजे कातरणं ही आता मेंढीचीही गरज आहे, आपणच लावून दिलेली.

आणि हे काम कौशल्याचं आहे. १८९२ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये जॅकी हाऊ नावाच्या माणसानं साध्या हातकातरीनं ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या. हिशोब केला तर एका मेंढीला दीड मिनिटही नाही. तोपर्यंत यंत्र आलं नव्हतं असं समजू नका. फ्रेडरिक वूल्झली यांच्या यांत्रिक कातरीनं १८८८ मध्येच डार्लिंग नदीकाठच्या डनलॉप या मोठ्या मेंढीफार्मवर सगळा कळप कातरून झाला होता. तरी हाऊचा विक्रम यंत्रानं मोडायला १९५० साल उजाडलं.

यंत्रानं कातर फिरवायची मेहनत कमी केली. पण मेंढी पकडायची, ओढत आणायची, बसवायची, पायांत धरून वळवायची आणि दिवसभर कमरेत वाकून राहायचं, हे सगळं माणसाकडेच राहिलं. म्हणून कातरणाऱ्यांच्या पाठी जातात, नवी पोरं या कामाला येत नाहीत. करोनाच्या काळात न्यूझीलंडचे कातरणारे ऑस्ट्रेलियात येऊ शकले नाहीत, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांचीही तीच तक्रार होती जी आपल्या मित्राची आहे: माणूस मिळेना.

मग पर्याय काय? पहिला सर्वांत जुना. कातर लोखंडाची. ती येण्याआधी लोक लोकर उपटत. प्लिनी या रोमन लेखकानं पहिल्या शतकातच लिहून ठेवलंय, की सगळीकडे मेंढ्या कातरत नाहीत, काही ठिकाणी अजून उपटायची रीत आहे. स्कॉटलंडच्या बेटांवरच्या सोए आणि काही शेटलंड मेंढ्यांची लोकर आजही उन्हाळ्याच्या तोंडाला सैल होते आणि हातानं ओढून काढता येते. मेंढीला दुखत नाही, कारण जुना केस मुळापाशी सुटलेला असतो. पण सगळ्या मेंढ्यांची लोकर एकाच दिवशी सैल होत नाही. काहींची मानेपाशी सुटते, पाठीवर चिकटून राहते. दहा मेंढ्या असतील तर ठीक. हजार असतील तर निम्मी लोकर काटेरी झुडपांना लागून जाईल.

दुसरा पर्याय माझ्या धंद्यातला, म्हणजे रोबोट. पर्थमधल्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात प्रा. जेम्स ट्रेव्हेल्यन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात हे काम हाती घेतलं. १९७९ मध्ये त्यांच्या 'ओरॅकल' नावाच्या यंत्रानं जिवंत मेंढीच्या अंगावरची लोकर कातरली. पुढं 'शिअर मॅजिक' नावाचं सुधारलेलं यंत्र आलं. त्या काळातले संगणक आठवा. आपल्या शाळेत पहिला संगणक आला तेव्हा त्याला कापड घालून ठेवायचे आणि आपण चपला काढून आत जायचो. त्याच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट आहे!

आमच्या कामात यंत्रहाताला सांगावं लागतं, की वस्तू इथं आहे, तिचा आकार असा आहे, तू या मार्गानं जा. मोटारीचं दार जागचं हलत नाही, आणि शंभर दारं शंभरदा सारखीच असतात. मेंढी श्वास घेते, अंग आखडते, पाय झाडते. दोन मेंढ्या सारख्या नसतात. आणि खरा पृष्ठभाग, म्हणजे कातडी, लोकरीखाली झाकलेला. पर्थच्या लोकांनी युक्ती केली. मेंढीची थोडी मापं घेऊन संगणक तिच्या अंगाचा अंदाजे नकाशा मांडायचा. मग कातरीजवळचे संवेदक कातडी किती अंतरावर आहे ते सांगत राहायचे, आणि नकाशा चालता चालता दुरुस्त व्हायचा. अंधारात पायऱ्या उतरताना आपण अंदाजानं पाऊल टाकतो आणि पायाला लागेल तसं सावरतो, तसंच. आज ही पद्धत आम्ही रोज वापरतो. त्यांनी ती मेंढीवर सिद्ध केली, आणि मेंढ्यांना जखमाही फार कमी झाल्या.

म्हणजे यंत्र झालं. मग ते आज कुठं आहे? कुठंच नाही. मेंढी कातरणं जमलं, पण तिला पकडून यंत्रात चढवणं, तिला योग्य वेळी वळवणं, हे जमवता जमवता यंत्र महाग आणि किचकट होत गेलं. आणि तेवढ्यात बाजार कोसळला. ऑस्ट्रेलियात लोकरीला ठरावीक हमीभाव होता, तो फेब्रुवारी १९९१ मध्ये बंद पडला. तेव्हा न विकल्या गेलेल्या लोकरीचे सुमारे ४७ लाख गठ्ठे गोदामांत पडून होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रोबोटचं कामही थांबलं. इंजिनियर म्हणून मला यातून हे कळलं, की यंत्र चालतं का हा अर्धाच प्रश्न. त्यातून जे निघतं त्याला भाव आहे का, हा उरलेला अर्धा.

तिसरा पर्याय ऐकायला जादूसारखा आहे. कातरायचंच नाही, लोकर आपोआप सुटेल असं करायचं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सायक्लोफॉस्फामाइड या औषधाचे प्रयोग मेंढ्यांवर झाले. हे कर्करोगावरचं औषध. ते घेताना रुग्णांचे केस का जातात, तर केसांच्या मुळाशी पेशी भराभर वाढतात आणि औषध वाढत्या पेशींनाच गाठतं. मेंढीचंही तेच झालं, लोकर सुटली. पण उघडीबोडकी मेंढी उन्हात भाजते, थंडीत कुडकुडते. आणि ज्याचं मटण खायचं त्या जनावराला असलं औषध देणं कोणाला पटणार?

यानंतरचं नाव ऐकून तुम्ही चमकाल. सुबाभूळ! आपल्या शाळेच्या कुंपणाला सुबाभळीची रांग होती, आठवते? मणिभाई देसाईंच्या उरुळीकांचनच्या 'बाएफ' संस्थेनं चारा आणि सरपणासाठी तिचा मोठा प्रसार केला होता. तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. नुसता सुबाभळीचा पाला खाणाऱ्या घोड्याच्या शेपटीचे आणि आयाळीचे केस गळतात. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात शुद्ध मिमोसिन मेंढ्यांना दिलं, तर काही दिवसांत लोकर हातानं ओढून निघाली. पण लोकर सुटण्याची मात्रा आणि विषबाधेची मात्रा यांत अंतर फार थोडं. शिवाय नुसता पाला खाऊ घातला तर मेंढीच्या पोटातले जिवाणू मिमोसिन मोडतात, आणि त्यातून निघणारा पदार्थ गलगंड करतो. तेव्हा कोणी उद्या घरी जाऊन मेंढरांना पोटभर सुबाभूळ घालू नका, आणि घातलीच तर माझं नाव सांगू नका!

शेवटी मार्ग सापडला तो उंदराच्या लाळेतून. स्टॅन्ले कोहेन या अमेरिकन शास्त्रज्ञानं उंदराच्या लाळग्रंथीतला अर्क नुकत्याच जन्मलेल्या पिलांना टोचला, तर त्यांचे डोळे वेळेआधी उघडले, दात लवकर आले. त्यातलं प्रथिन त्यानं वेगळं काढलं. त्याला थोडक्यात ईजीएफ म्हणतात. १९८६ मध्ये रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेनं, सी.एस.आय.आर.ओ.नं, १९८० च्या सुमारास हे प्रथिन मेरिनोला देऊन पाहिलं. केसांच्या मुळांचं काम थोडा वेळ थांबतं आणि परत सुरू होतं. त्या थांबण्याच्या जागी केस तुटतो. सगळ्या अंगावर एकाच वेळी, कातडीच्या अगदी लगत.

यातून 'बायोक्लिप' ही पद्धत १९९८ मध्ये बाजारात आली. मेंढीला एक इंजेक्शन द्यायचं आणि अंगाला ताणून बसणारी जाळी घालायची. आपल्याकडे रात्री मेंढरांभोवती वाघर लावतात ना, तशी एकेका मेंढीला वाघर म्हणा! लोकर सुटली तरी जाळीत अडकून राहते, वाटेत सांडत नाही. आणि नवी लोकर थोडी वाढेपर्यंत मेंढी उघडी पडत नाही. साधारण चार आठवड्यांनी जाळी काढली की अख्खी लोकर एका सालीसारखी हातात येते. कातर नाही, जखम नाही, आखूड तुकडे नाहीत.

मग सगळ्या जगानं हेच का घेतलं नाही? प्रत्येक मेंढी दोनदा पकडायची, एकदा टोचायला आणि जाळी चढवायला, दुसऱ्यांदा जाळी उतरवायला. म्हणजे पकडायचं काम दुप्पट. इंजेक्शनचा आणि जाळीचा खर्च वेगळा. गाभण मेंढीला ते देता येत नाही, गाभ पडायची भीती. कळपात गाभण नसलेल्या मेंढ्या किती असतात ते आपल्या मित्राला विचारा. अलीकडे अ‍ॅडलेड विद्यापीठात मक्यातल्या झाइन या प्रथिनावर काम चाललंय. त्यानं लोकर तुटत नाही, एका पट्ट्यात कमजोर होते, म्हणून जाळी लागत नाही. ओढली की सुटते. पाहू या.

चौथा पर्याय सगळ्यांत साधा, आणि आज जगभर जोरात आहे: लोकर नसलेली मेंढी. इंग्लंडची विल्टशायर हॉर्न आपली लोकर स्वतःच टाकते. दक्षिण आफ्रिकेत १९३० च्या दशकात संकर करून डॉर्पर तयार केली. मटण चांगलं, कातरायची कटकट नाही. ब्रिटनमध्ये जाड लोकरीला भाव इतका पडलाय, की कातरण्याचा खर्चही निघत नाही, म्हणून तिथले शेतकरीही लोकर टाकणाऱ्या मेंढ्यांकडे वळताहेत.

आणि आपल्या माणदेशात हेच चाललंय. त्याला कोणी संशोधन म्हणत नाही एवढंच. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी अंगानं मोठी, बाकदार नाकाची, लोकरीऐवजी केसांची. बाजारात पिलू लवकर वजन धरतं, भाव चांगला. म्हणून दख्खनीच्या कळपात माडग्याळचा मेंढा सोडतात. चार-दोन पिढ्यांत कळप बदलतो. कातरायचा प्रश्नच मिटतो.

तेव्हा मित्रा, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. शंभर मेंढरांच्या वाड्यासाठी रोबोट कोणी काढणार नाही. दख्खनी मेंढीची लोकर वर्षाला किलोभरही निघत नाही, मेरिनोची चार-पाच किलो सहज निघते. मेरिनोच्या लोकरीला परवडलं नाही ते आपल्या लोकरीला कसं परवडेल? इंजेक्शनचंही तेच. यंत्र आणि औषध यांचा हिशोब तुझ्या बाजूनं लागत नाही. माडग्याळचा लागतो. तुझ्या घरचे चुकीचं बोलत नाहीत.

पण माझ्या कामातली एक सवय इथं सांगते. जुनी प्रणाली बंद करण्याआधी आम्ही तिची प्रत काढून ठेवतो. कारण ती नेमकं काय काय सांभाळत होती, हे बऱ्याचदा बंद केल्यावरच कळतं. मेंढीची प्रत कपाटात ठेवता येत नाही. ती चालत्या कळपातच राहते. दख्खनी मेंढी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दुष्काळात आणि कोकणापर्यंतच्या वाटचालीत टिकली. तिच्या अंगावरच्या त्या जाडसर काळ्या लोकरीतून सनगरांच्या मागावर घोंगडी उतरली. चिंचोक्याच्या खळीचा तो वास आपल्यातल्या कितीतरी जणांच्या नाकात अजून असेल. एकदा संकर झाला की अंगावर अर्धी लोकर, अर्धे केस. ते धड गळतही नाहीत आणि त्यांचं सूतही निघत नाही. मागं फिरायला शुद्ध मेंढा लागतो, आणि तो तोवर विकलेला असतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. तुला पटल्या तर घे.

एक, सगळा कळप एकदम बदलू नको. दहा-वीस चांगल्या काळ्या मेंढ्या आणि त्यांचा मेंढा वेगळा राख. बाकीच्यांत माडग्याळ सोड. पैसा त्यातून येऊ दे.

दोन, कातरायचा खर्च वाटून घे. विजेवर चालणारं हातयंत्र, म्हणजे वूल्झलींच्या यंत्राचा नातू, आज विकत मिळतं. एका वाड्याला ते परवडत नाही, पाच-सहा वाड्यांना परवडेल. आपल्या मेंढरांच्या अंगावर धूळ-माती फार, त्यानं पाती बोथट होतात. तेव्हा आधी मेंढरं ओढ्याला धुऊन वाळवायची, आणि पात्यांना धार लावायला एक जण शिकवून तयार ठेवायचा. दोन पोरं नीट शिकली तर माणूस मिळेना ही तक्रार निम्मी संपेल.

तीन, लोकर म्हणून विकशील तर मजुरीही निघणार नाही. घोंगडी म्हणून विकली तर हिशोब वेगळा. इथं मात्र माझ्यासारख्यांचा थोडा उपयोग आहे. शहरात राहणारे आपण कितीजण या सभागृहात बसलोय? घोंगड्यांची मागणी गोळा करणं, ती विणकरांपर्यंत नेणं, पैसे वेळेवर पोचवणं, याचं सॉफ्टवेअर दोन रविवारांत होतं. ते मी करून देईन. पण मागणी तुम्ही द्यायची! पुण्यातली 'अंतरा' ही संस्था दख्खनी मेंढी आणि मेंढपाळ यांच्यासाठी काम करते. त्यांच्याशी बोलायलाही मी येईन.

विज्ञानाच्या सरांनी आपल्याला शिकवलं होतं, की उत्तर चुकलं तर आधी प्रश्न परत वाच. कातरीच्या गोष्टीत तेच दिसतं. "कातरणारं यंत्र कसं करायचं?" हा प्रश्न हुशार माणसांनी वर्षानुवर्षं सोडवला आणि उत्तर बरोबर येऊनही ते उपयोगी पडलं नाही. आपला प्रश्न आहे, "या लोकरीचं करायचं काय?" त्याचं उत्तर एकट्या इंजिनियरकडे नाही. मेंढरं राखणारा, विणणारा आणि विकत घेणारा अशा तिघांकडे मिळून आहे, आणि आपल्या एका वर्गातून ते तिघंही निघाले आहेत.

जेवणाच्या सुट्टीत दाराशी मी वही ठेवते. घोंगडी हवी असेल त्यांनी नाव लिहा. गुरुजनांनी लिहायची गरज नाही, त्यांची घोंगडी आमच्याकडून.